प्रश्न वाचकांचे : ठरल्या वेळी संगणकाला कामाला लावताना

सर्व्हरवरची रोजची, आठवड्याची किंवा महिन्याची कामे आपोआप व्हावीत म्हणून क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या, लिनक्स-युनिक्सवरच्या प्रोग्रामच्या) यादीत ओळी लिहिणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. छपाईत आकडे देवनागरी असले तरी संगणकावर ते इंग्रजी कळफलकावरचेच टंकावेत, कारण क्रॉनला आपला ‘९’ कळत नाही.

प्रश्न : थकीत हप्त्याची आठवण करून देणारा एसएमएस रोज सकाळी नऊ वाजता जावा म्हणून मी “* ९ * * *” अशी ओळ लिहिली. पहिल्याच दिवशी प्रत्येक थकबाकीदाराला साठ संदेश गेले. एक सभासद तर हप्त्याचे पैसे घेऊन आला आणि “आता तरी थांबवा” म्हणाला. माझे काय चुकले?
— पतसंस्थेतील कर्मचारी, सांगली

वसुलीच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला म्हणायचा. चूक मात्र क्रॉन वापरणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी केलेली आहे. मीही केली होती. फरक इतकाच, की ते साठ मेल माझ्या एकट्याच्याच पेटीत आले.

आपण क्रॉनला गजरासारखे समजतो, की एकदा नऊ वाजता लावला म्हणजे तो नऊला वाजेल आणि गप्प बसेल. तो तसा चालत नाही. तो दर मिनिटाला जागा होतो, घड्याळ आणि दिनदर्शिका पाहतो आणि यादीतील प्रत्येक ओळीपाशी एवढेच तपासतो, की आत्ताचे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार या ओळीच्या पाच रकान्यांत बसतात की नाही. बसत असतील तर काम सुरू करतो, नसतील तर पुढच्या ओळीकडे वळतो. मागच्या मिनिटाला आपण काय केले याची आठवण तो ठेवत नाही, आणि ओळ लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता आपली ओळ त्याच्या नजरेने वाचून पाहा. पहिला रकाना मिनिटाचा असून तिथे स्टार आहे. स्टारचा अर्थ ‘इथे काही लागू नाही’ असा नसून ‘इथे कोणतेही मूल्य चालेल’ असा आहे. म्हणून नऊ वाजता ओळ जुळली, नऊ वाजून एका मिनिटाने जुळली आणि नऊ एकोणसाठपर्यंत जुळतच राहिली. हवी होती ती ओळ अशी :

० ९ * * *

कोणतीही ओळ यादीत टाकण्यापूर्वी ती मोठ्याने मराठीत वाचण्याची सवय लावून घ्यावी. “शून्याव्या मिनिटाला, नऊच्या तासात, कोणत्याही तारखेला, कोणत्याही महिन्यात, कोणत्याही वारी.” आपली मूळ ओळ अशी वाचली असती तर “कोणत्याही मिनिटाला, नऊच्या तासात” इथेच जीभ अडखळली असती. मिनिटाचा रकाना ० ते ५९, तासाचा ० ते २३, तारखेचा १ ते ३१, महिन्याचा १ ते १२ आणि वाराचा ० ते ७ घेतो. वाराच्या रकान्यात रविवारला ० आणि ७ असे दोन्ही आकडे चालतात. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला क्रॉनही असाच दर मिनिटाला यादी तपासत असे, आणि आज लिनक्सवर आढळणारे बहुतेक क्रॉन हे पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या क्रॉनचे वंशज आहेत. सोंगे बदलली, पण मिनिटामिनिटाला जागे होण्याची मूळ रीत तीच राहिली.

एसएमएसच्या बाबतीत ओळ दुरुस्त करून थांबू नये. ‘या सभासदाला आज संदेश गेला’ अशी नोंद संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामनेच ठेवावी आणि पाठवण्यापूर्वी ती तपासावी. क्रॉनला स्मरण नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते.

प्रश्न : द्राक्षबागेतील हवामान यंत्राकडून दर ४५ मिनिटांनी नोंद घ्यायची आहे. “*/४५ * * * *” लिहिले, पण नोंदी कधी ४५ मिनिटांनी, तर कधी १५ मिनिटांनी येतात.
— बागायतदार, नाशिक जिल्हा

स्लॅशचा अर्थ आपण ‘मागच्या वेळेपासून ४५ मिनिटांनी’ असा घेतलात. पण मागची वेळ क्रॉनच्या लक्षातच नसते. तो ० ते ५९ या मिनिटांत शून्यापासून ४५-४५ ची पावले टाकतो. त्यात ० आणि ४५ एवढीच दोन मिनिटे सापडतात आणि नवा तास सुरू झाला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे पाऊणनंतरची नोंद पंधराच मिनिटांत होते. साठला ज्याने नि:शेष भाग जातो ती पावलेच सारखी पडतात : ५, १०, १२, १५, २०, ३० वगैरे.

४५ मिनिटांचाच आग्रह असेल तर तीन तासांचे एक आवर्तन धरून तीन ओळी लिहाव्या लागतील :

०,४५ */३ * * *
३० १-२२/३ * * *
१५ २-२३/३ * * *

म्हणजे बारा, पाऊण, दीड, सव्वादोन आणि पुन्हा तीन. दिवसाच्या १,४४० मिनिटांना ४५ ने पूर्ण भाग जातो म्हणून हे जमते. ५० मिनिटांसाठी असे कोष्टक बसत नाही. माझे मत विचाराल तर द्राक्षाला पाऊण तासाने मोजले काय आणि अर्ध्या तासाने मोजले काय, दोन्ही सारखेच. “*/३०” लिहा आणि मोकळे व्हा.

प्रश्न : दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्या दिवशी सकाळी दहाला आमच्या संस्थेच्या खात्यांचा ताळमेळ लावणारी स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) चालावी म्हणून “० १० ८-१४,२२-२८ * ६” अशी ओळ केली. दुसरा शनिवार ८ ते १४ तारखांतच येतो आणि चौथा २२ ते २८ मध्ये, हे मी कॅलेंडरवर पडताळले आहे. तरीही स्क्रिप्ट मधल्याच वारी चालते, शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारीही चालते.
— लेखा विभाग, कोल्हापूर

आपले गणित निर्दोष आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न मला निरनिराळ्या लोकांनी विचारला आहे, आणि प्रत्येकाने नेमकी हीच ओळ लिहिलेली होती.

मेख तारीख आणि वार या दोन रकान्यांत आहे. इतर रकाने एकमेकांना ‘आणि’ने जोडलेले असतात : मिनिट जुळले पाहिजे आणि तास जुळला पाहिजे आणि महिनाही जुळला पाहिजे. पण तारीख आणि वार या दोन्ही ठिकाणी स्टारखेरीज काही लिहिले, की क्रॉन त्यांना ‘किंवा’ने जोडतो. म्हणून आपल्या ओळीचा अर्थ ‘८ ते १४ किंवा २२ ते २८ यांपैकी कोणतीही तारीख, किंवा कोणताही शनिवार’ असा झाला. महिन्यात दोनदा चालायचे काम सोळा वेळा चालले, आणि महिन्यात पाच शनिवार असतील तर सतरा वेळा. ‘दर महिन्याच्या १ तारखेला आणि शिवाय दर सोमवारी’ असे एका ओळीत सांगता यावे, ही त्यामागची सोय आहे. सोय कमी जणांच्या उपयोगाची आणि फटका जास्त जणांना, असे तिचे झाले आहे.

यावर उपाय असा, की दोन अटींपैकी एकच क्रॉनला सांगावी आणि दुसरी स्क्रिप्टने स्वतः तपासावी. क्रॉनमध्ये सरळ दर शनिवार ठेवा :

० १० * * ६

आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आजची तारीख काढून ती ८ ते १४ किंवा २२ ते २८ मध्ये नसेल तर तिथेच बाहेर पडा. इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही मी जवळून पाहिलेले आहेत.

पहिला खड्डा टक्क्याच्या चिन्हाचा. तारीख काढणाऱ्या डेट या कमांडला कोणता भाग हवा ते टक्क्याचे चिन्ह लावून सांगतात. हीच तपासणी स्क्रिप्टऐवजी थेट क्रॉनच्या ओळीत लिहिली तर क्रॉन टक्क्याला ‘इथे ओळ संपली’ असे समजतो आणि आपली कमांड अर्ध्यातच कापली जाते. प्रत्येक टक्क्यापूर्वी बॅकस्लॅश दिला की हे टळते. टर्मिनलवर हाताने चालवलेली कमांड नीट चालते आणि क्रॉनमध्ये घातली की मोडते, याचे हे एक नेहमीचे कारण. तपासणी स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ठेवली तर बॅकस्लॅश लागत नाही. माझा कौल फाइललाच आहे.

दुसरा खड्डा अधिक लबाड आहे. डेट ही कमांड आठ तारखेला ‘०८’ आणि नऊ तारखेला ‘०९’ असे दोन अंकी उत्तर देते. बॅश या शेलच्या दुहेरी कंसातील अंकगणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला धरला जातो, आणि त्या पद्धतीत ८ व ९ हे अंकच नाहीत. त्यामुळे दुसरा शनिवार १० ते १४ मध्ये आला तर स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, पण तो ८ किंवा ९ तारखेला आला की चूक दाखवून बसते. चार-सहा महिने सुरळीत चाललेले काम एका महिन्यात अचानक चुकावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरळीत चालावे, असा हा भुताटकीचा प्रकार वाटतो. लिनक्सवरील डेटला टक्क्यानंतर उण्याचे चिन्ह देऊन तारीख मागितली की पुढचे शून्य गळते आणि भूतही जाते.

एक तळटीपवजा गोष्ट : व्हिक्सी यांच्या परंपरेतील क्रॉनमध्ये तारखेचा किंवा वाराचा रकाना स्टारने सुरू होत असेल, मग पुढे स्लॅश का असेना, तर ते दोन रकाने ‘आणि’ने जोडले जातात. म्हणजे “० ० */२ * १” ही ओळ विषम तारखेला येणाऱ्या सोमवारीच चालते. या आडवाटेचा उपयोग करून ‘पहिला रविवार’ साधणारे हुशार लोक आहेत. आपल्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची दया येत असेल तर ही हुशारी करू नये.

प्रश्न : लिनक्सवर “० ९ * * १-५” ही ओळ सोमवार ते शुक्रवार बरोबर चालत होती. तेच काम जावा प्रकल्पात क्वार्ट्झ या वेळापत्रक सांभाळणाऱ्या लायब्ररीवर नेले, तर आधी ओळ चुकीची म्हणून नाकारली गेली. दुरुस्त केल्यावर रविवारी चालू लागली आणि शुक्रवारी बंद पडली.
— सॉफ्टवेअर अभियंता, नवी मुंबई

क्वार्ट्झची ओळ दिसायला क्रॉनसारखी असली तरी घराणे वेगळे आहे. तिथे सुरुवातीला सेकंदाचा रकाना असतो, तारीख आणि वार यांपैकी एका जागी प्रश्नचिन्ह द्यावे लागते, आणि मुख्य म्हणजे वारांची मोजणी १ म्हणजे रविवार अशी सुरू होऊन ७ म्हणजे शनिवारवर संपते. त्यामुळे आपला १-५ तिथे रविवार ते गुरुवार झाला. आकड्यांऐवजी वारांची इंग्रजी तीन अक्षरी नावे लिहा. ती दोन्हीकडे चालतात आणि वाचणाऱ्यालाही बोटे मोजावी लागत नाहीत.

प्रश्न : आम्ही वापरतो त्या क्लाउड सेवेवर वेळापत्रक यूटीसीनुसारच (जागतिक प्रमाणवेळेनुसारच) द्यावे लागते. दर महिन्याच्या १ तारखेला भारतीय वेळेनुसार रात्री दोन वाजता अहवाल तयार व्हायला हवा. साडेपाच तास वजा केले तर आदल्या महिन्याची शेवटची तारीख येते आणि ती तर कधी २८, कधी ३१. काय लिहावे?
— एक वाचक, पुणे

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे हे सर्वांना पाठ असते. पण पहाटे साडेपाचच्या आतले प्रत्येक काम यूटीसीत आदल्या दिवशी पडते, हे वेळेवर आठवत नाही. सोमवारी पहाटे पाचचे काम यूटीसीत रविवारी रात्री साडेअकराचे होते, म्हणून ओळ “३० २३ * * ०” अशी होते. तसेच सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचारच्या कामासाठी तास २३ तर होतोच, शिवाय वारही एकेक मागे सरकून ०-४ करावे लागतात. तास बदलून वार तसेच ठेवण्याची चूक फार होते, आणि ती सोमवारीच उघडकीस येते, कारण त्या दिवशी अहवाल नसतो.

आपल्या बाबतीत १ तारखेचे दोन म्हणजे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीचे २०:३०. ‘महिन्याची अखेर’ हे पाच रकान्यांच्या साध्या क्रॉनला सांगता येत नाही. म्हणून जाळे थोडे मोठे टाकायचे :

३० २० २८-३१ * *

आणि स्क्रिप्टमध्ये कालक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ असे ठरवून तारीख विचारायची. ती १ असेल तरच पुढे जायचे. यूटीसीत महिन्याचा शेवट कोणता हे शोधत बसण्यापेक्षा भारतात आज एक तारीख आहे का, हे विचारणे सोपे. फेब्रुवारी २८ दिवसांचा असो वा २९ चा, ही तपासणी चुकत नाही.

मात्र त्याआधी अहवाल रात्री दोनलाच का हवा, हेही एकदा विचारून पाहा. बहुधा ‘सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी’ एवढाच त्याचा अर्थ निघेल. तसे असेल तर सकाळी सहा ही वेळ यूटीसीत त्याच तारखेला रात्री साडेबाराला पडते आणि “३० ० १ * *” एवढ्यावर भागते. शून्य आणि तीस या मिनिटांना सगळे जग आपापली कामे लावते आणि सामायिक सेवांवर तेव्हा रांग लागते; मिनिट ३७ किंवा ४३ असे आडनिडे निवडलेत तर काम अधिक वेळेवर होण्याचा संभव आहे.

प्रश्न : पुण्यात राहणाऱ्या आईला सकाळी आठ वाजता औषधाची आठवण करणारा संदेश माझ्या इथल्या संगणकावरून जातो. ओळ “३० २२ * * *” अशी आहे. नोव्हेंबरपासून तो नऊ वाजता पोहोचू लागला. आई म्हणते, अमेरिकेतले घड्याळ आळशी आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

आईंचे म्हणणे अगदीच चूक नाही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेले आणि भारताशी असलेला फरक साडेनऊवरून साडेदहा तासांचा झाला. क्रॉनने मात्र न्यू जर्सीच्या भिंतीवर साडेदहा वाजलेले पाहिले आणि आपले काम केले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी संदेश पुन्हा आठवर येईल.

फेडोरा आणि रेड हॅट या लिनक्सच्या प्रकारांच्या घराण्यातील क्रॉनी या क्रॉनमध्ये यादीच्या वर ‘क्रॉन_टीझेड’ या नावापुढे एशिया/कोलकाता लिहिले की त्याखालच्या ओळी भारतीय घड्याळावर चालतात. मग ओळ सरळ “० ८ * * *” अशी लिहावी. इतर काही क्रॉन मात्र ही ओळ मुकाट्याने स्वीकारतात आणि तिचा वेळेवर काहीही परिणाम होऊ देत नाहीत, म्हणून एक दिवस चाचणी करून पाहावी. सिस्टिमडीचे (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर वापरत असाल तर वेळेच्या शेवटी कालक्षेत्राचे नाव जोडता येते. आणखी एक सोय तिथे आहे : संगणक बंद असताना वेळ टळून गेली तर तो सुरू होताच राहिलेले काम करून घेण्याची सूचना टायमरला देता येते. साधा क्रॉन टळलेले काम विसरतो. आपला संगणक लॅपटॉप असेल आणि रात्री झाकण मिटत असाल तर संदेश जाणारच नाही. औषधाचा प्रश्न आहे, तेव्हा आईंच्या फोनमध्ये एक साधा गजरही लावून ठेवा.

प्रश्न : आमच्या देवस्थानाच्या संकेतस्थळावर संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ आपोआप झळकावी. यासाठी क्रॉनची ओळ कशी लिहावी?
— विश्वस्त मंडळाचे सदस्य, सातारा जिल्हा

अशी ओळ लिहिता येत नाही. क्रॉनला इंग्रजी तारीख, महिना आणि वार एवढेच कळते. तिथी चंद्राच्या गतीवर चालते आणि तिचा आरंभ व शेवट दिवसाच्या कोणत्याही वेळी होतो. ‘दर २९ किंवा ३० दिवसांनी’ असे लिहिण्याचा मोह टाळा, कारण क्रॉन दिवस मोजत नाही. आपण जे पंचांग मानता त्यातून वर्षभराच्या संकष्टीच्या तारखा आणि आपल्या गावाची चंद्रोदयाची वेळ एका फाइलमध्ये उतरवा. क्रॉनने रोज रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवावी, आणि आजची तारीख फाइलमध्ये असेल तरच स्क्रिप्टने फलक बदलावा. वर्षातून एकदा बारा-तेरा ओळी हाताने लिहाव्या लागतील. अंगारकी वेगळी दाखवायची असेल तर त्या तारखेला मंगळवार आहे का, हे स्क्रिप्ट स्वतःच पाहू शकते. नवी यादी भरायला विसरू नये म्हणून डिसेंबरच्या पहिल्या तारखेला मंडळाला मेल पाठवणारी “० १० १ १२ *” अशी एक ओळ मात्र क्रॉनमध्ये जरूर घाला.

प्रश्न : क्रॉनची यादी संपादित करण्यासाठी क्रॉनटॅब या कमांडपुढे ‘ई’ऐवजी चुकून ‘आर’ दाबले. काही न विचारता सगळी यादी पुसली गेली. परत मिळेल का?
— विद्यार्थी, नागपूर

कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी आहेत आणि एक यादी उघडते, तर दुसरे ती नष्ट करते. अशी रचना करणाऱ्याने कधी घाईत टंकले नसावे. सर्व्हरचा बॅकअप असेल तर लिनक्सवर सहसा ‘व्हार’खालच्या ‘स्पूल’ आणि त्यातील ‘क्रॉन’ या निर्देशिकेत आपल्या नावाची फाइल सापडेल. बॅकअप नसेल तर सिस्टिमचा लॉग चाळा. क्रॉन प्रत्येक वेळी चालवलेली कमांड वेळेसकट तिथे लिहून ठेवतो, त्यामुळे रोजच्या आणि आठवड्याच्या ओळी त्यावरून पुन्हा रचता येतात. महिन्याची आणि वर्षाची कामे तेवढ्या जुन्या लॉगमध्ये नसतील, ती आठवूनच लिहावी लागतील. यापुढे यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवा, बदल तिथेच करा आणि क्रॉनटॅबला त्या फाइलचे नाव देऊन ती भरा. त्या फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नका. तो नसेल तर काही क्रॉन ती फाइल स्वीकारतच नाहीत.